पाऊस गेला, आता बागेत काय? सप्टेंबरअखेर ते दिवाळी : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गणपती गेले की माझा फोन सुरू होतो. बहीण, मावशी, ऑफिसमधल्या दोघीतिघी, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढू. माझी बाग म्हणजे पुण्यात तिसऱ्या मजल्यावरची गच्ची, लहानमोठ्या मिळून ऐंशीएक कुंड्या आणि ग्रो बॅग्ज. कोकणात किंवा विदर्भात असाल तर आठवडा-दोन आठवडे मागेपुढे करून घ्या.

नक्की कधी सुरू करायचं? पाऊस गेला असं समजायचं कधी?

खरं सांगू का, बहुतेकांची चूक इथेच होते. सप्टेंबरच्या शेवटी चार दिवस कडक ऊन पडलं की आपल्याला वाटतं गेला पाऊस, आणि आपण एका रविवारी छाटणी, माती बदलणं, बी पेरणं सगळं उरकून टाकतो. पण २७ सप्टेंबरच्या आसपास हस्त नक्षत्र लागतं आणि हत्तीचा पाऊस काय चीज आहे ते सगळ्यांना माहितीये, दुपारी चारपर्यंत घामाच्या धारा आणि साडेचारला ढगफुटी झाल्यासारखं. मी एका वर्षी १ ऑक्टोबरला दोन लांब ट्रेमध्ये मेथी पेरली होती, सुंदर ओळीत वगैरे, तिसऱ्या दिवशी असा पाऊस आला की सगळं बी वाहत जाऊन एका कोपऱ्यात गोळा झालं आणि मग तिथे मेथीचं एक घट्ट जावळ उगवलं, बाकी ट्रे रिकामा. पुणे-मुंबईकडून मान्सून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परत फिरतो. त्यामुळे माझा साधा हिशोब असा की घटस्थापनेपर्यंत फक्त साफसफाई आणि मातीची कामं, छाटणी आणि पेरणी दसऱ्याच्या पुढे. दसरा लवकर आला, म्हणजे सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात, तर त्या वर्षी आणखी आठ-दहा दिवस थांबते. चित्रा नक्षत्रातसुद्धा एखादी सर येऊन जातेच पण ती चालते.

सगळ्यात आधी कुठलं काम हातात घेऊ?

कुंड्यांची भोकं. हसू नका. चार महिन्यांच्या पावसात माती खाली बसते, मुळं भोकातून बाहेर डोकावतात, शेवाळ धरतं आणि भोक बंद होतं, वरून झाड बरं दिसत असतं आणि खाली मुळं सडत असतात. कुंडी आडवी करा, एखादी जाड तार किंवा जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि भोक मोकळं करा. काळं, घाण वास येणारं पाणी बाहेर आलं तर समजा की वेळेवर आलात.

दुसरं, कुंड्यांखालच्या थाळ्या. पावसाळा संपता संपता डेंगीचे पेशंट वाढतात आणि तो डास आपल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून सगळ्या थाळ्या उपड्या करायच्या आणि नुसतं पाणी ओतून देऊ नका, आतून घासा पण, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. मी तर बहुतेक थाळ्या काढूनच टाकल्यात, विटांच्या तुकड्यांवर कुंड्या ठेवते, गच्चीलाही ओल कमी लागते.

तिसरं, तण. गाजर गवत दिसलं तर फुलं यायच्या आधी मुळासकट उपटा, हातमोजे घालून, कित्येकांना त्याची अ‍ॅलर्जी असते. बाकीचं तण उपटून तिथेच कुंडीत आच्छादन म्हणून टाकलं तरी चालतं पण बी धरलेलं नको. घोळ उगवली असेल तर मात्र फेकू नका, भाजी करा.

कुंडीतली माती दगडासारखी झालीये. सगळी काढून नवीन भरू?

नको. इतकी मेहनत आणि पैसे घालवायची गरज नसते. पावसाने मातीतलं नत्र आणि पालाश बरंचसं वाहून जातं, म्हणून पानं फिकट दिसतात, पण माती स्वतः मेलेली नसते. वरचा दोन-अडीच इंचाचा थर खुरप्याने हलकेच मोकळा करून काढा, मोठी मुळं तुटणार नाहीत इतपतच, आणि त्या जागी तेवढंच गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत भरा. दोन वर्षांपेक्षा जास्त त्याच कुंडीत असलेलं झाड असेल आणि पाणी घातलं की वरच तुंबून राहत असेल तरच पूर्ण काढा. काढलेली जुनी माती गच्चीवर प्लॅस्टिकवर पसरून आठ दिवस ऑक्टोबरच्या उन्हात तापू द्या, हुमणीच्या अळ्या वगैरे असतील तर कावळे-साळुंक्या आपणहून येऊन साफ करतात, मग त्यात शेणखत, थोडं कोकोपीट आणि निंबोळी पेंड मिसळली की पुन्हा नवी.

आणि हो, शेतातली काळी माती आणून तशीच कुंडीत भरू नका. पावसात चिखल आणि आता या उन्हात भेगा. तिच्यात निम्मं तरी शेणखत-पालापाचोळा हवाच.

खत किती आणि कुठलं?

बारा इंची कुंडीला दोन-तीन मुठी गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड, दीड महिन्यातून एकदा. बस. फुलझाडांना चमचाभर बोनमील (हाडांची पूड) घातलं तर चांगलंच, ज्यांना चालत नाही त्यांनी नका घालू, काही अडत नाही. खत घालायच्या आदल्या दिवशी कुंडीला पाणी घालून ठेवा, कोरड्या मातीत खत घालू नये. चहाचा चोथा, केळीची सालं, कांद्याच्या सालींचं पाणी हे सगळं जे फिरत असतं ना मोबाईलवर, त्यातलं अपायकारक काही नाहीये पण चमत्कार पण नाहीये, कंपोस्टच्या डब्यात टाका सरळ. केळीची सालं मातीत तशीच पुरली तर मुंग्या आणि चिलटं होतात, हा माझा अनुभव.

गुलाब कधी आणि कसा छाटायचा? छाटायची भीतीच वाटते.

सगळ्यांनाच वाटते. ऑक्टोबरचा दुसरा-तिसरा आठवडा, पाऊस नक्की थांबल्यावर. पावसात छाटलं तर कापलेल्या जागेतून बुरशी शिरते आणि फांदी टोकाकडून काळी पडत पडत खाली येते. छाटणीपासून साधारण ४० ते ४५ दिवसांनी फुलं येतात, म्हणजे दसऱ्यानंतर पंधरा-वीस तारखेला छाटलं तर डिसेंबर लागता लागता पहिला बहर. लग्न-मुंज काही असेल तर तारीख मागे मोजून छाटा, जमतं बऱ्यापैकी.

आधी मेलेल्या, काळ्या, पेन्सिलपेक्षा खूप बारीक आणि एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या काढा. मग कलमाची गाठ शोधा, खोडाच्या तळाशी जाडसर गाठ असते, तिच्या खालून जर एखादी जोमदार हिरवीगार फांदी आली असेल तर ती तुमच्या गुलाबाची नाहीच, ती खालच्या जंगली गुलाबाची आहे, मुळापासून ओढून काढा. मी एका नर्सरीतून आणलेल्या पिवळ्या गुलाबाची अशीच एक फांदी दोन वर्षं प्रेमाने वाढवली, कधी एक फूल नाही, आणि तोपर्यंत पिवळा बिचारा मरून गेला होता.

राहिलेल्या चार-पाच चांगल्या फांद्या साधारण अर्ध्यापर्यंत खाली आणा. काप कुठे घ्यायचा तर बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवा फुटवा येतो तो बारीक उंचवटा) वर पाव इंच, तिरका, उतार डोळ्याच्या उलट बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. कटर धारदार हवा, फांदी चिरडली गेली तर काम बिघडलं. आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना पातं स्पिरिटने पुसा, कंटाळा येतो पण करा.

मग कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशी रोखणारा लेप. घरच्यापुरती करायची तर २० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) १०० मिली पाण्यात, २० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या १०० मिली पाण्यात, वेगवेगळं कालवायचं, चुना विझताना गरम होतो तर तो पूर्ण गार होऊ द्यायचा आणि मग दोन्ही एकत्र. भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचंच. मी पहिल्यांदा सासूबाईंच्या जुन्या लोखंडी कढईत केलं होतं आणि कढईला आतून तांब्याचा लालसर थर चढला, त्या अजून आठवण काढतात! पण त्याच कारणाने एक सोपी टेस्ट पण आहे, तयार मिश्रणात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवायचा, त्यावर लाल थर आला तर चुना कमी पडलाय, थोडा आणखी घालायचा. जुन्या ब्रशने टोकांना लावून टाका. पेस्ट त्याच दिवशी संपवायची, ठेवून उपयोग नाही. एवढी खटपट नको असेल तर दुकानात कॉपर ऑक्सिक्लोराईडची पावडर मिळते, ती थोड्या पाण्यात दाटसर कालवून लावा. दोन्ही विषारीच, मुलांच्या हाताला लागणार नाही असं बघा.

छाटल्यावर झाड उघडंबोडकं दिसतं, दोन आठवडे कोणी काही बोललं तरी लक्ष देऊ नका. दहा-बारा दिवसांत लालसर फुटवे येतात. त्या वेळी पाणी मोजकंच.

मग मोगरा, जाई, पारिजातक, जास्वंद हेही आत्ताच छाटून टाकू? हातात कटर आहेच तर.

नाही नाही नाही. मोगऱ्याची वेळ डिसेंबर-जानेवारी, पाणी तोडून, पानं गाळून वगैरे, तेव्हा बघू. पारिजातक आत्ता ऐन बहरात असतो, सकाळी अंगणभर सडा पडत असताना कोण छाटतं! जाई-जुई पण फुलून होऊ द्या. जास्वंदीचे शेंडे चार-सहा इंच खुडले तर चालतं, फुटवे वाढतात. कडीपत्त्याचे शेंडे मात्र आत्ता जरूर तोडा, थंडी पडली की तो वाढायचा थांबतो, त्याआधी एक फुटवा मिळून जातो.

शेवंतीचं रोप मस्त घेरदार झालंय पण कळीच नाही. शेंडे खुडू का?

आता खुडू नका, खुडायचे दिवस ऑगस्टअखेर संपले. शेवंतीला कळी धरायला रात्र मोठी व्हावी लागते, दिवस लहान होत गेले की ती आपोआप कळ्यांवर येते. आता गंमत बघा, माझ्याकडे एकाच वेळी लावलेल्या सहा कुंड्या होत्या, पाच फुलल्या आणि जिन्याच्या दिव्याखालची सहावी नुसती हिरवी. तो दिवा रात्रभर चालू असतो, तिच्या दृष्टीने रात्र होतच नव्हती. कुंडी कोपऱ्यात अंधारात हलवली आणि मग कळ्या आल्या, इतरांच्या महिनाभर मागून. तेव्हा आधी रात्री बाहेर जाऊन बघा की रस्त्यावरचा दिवा किंवा बाल्कनीतला बल्ब तिच्यावर पडतोय का.

भाज्या कुठल्या लावू? पहिल्यांदाच करतेय.

पहिल्यांदा करत असाल तर मेथी, मुळा आणि पालक, बाकी सगळं नंतर. मेथी चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात जुडी हातात, पोरांनाही दाखवायला बरं. मुळ्याला ४०-४५ दिवस, कुंडी निदान दहा इंच खोल हवी. अजून ऊन असेल तर 'पुसा चेतकी' जातीचा घ्या, तो उष्णता सहन करतो. पालकाची पहिली कापणी महिना-सव्वा महिन्यात, पानं खालून दोन इंच ठेवून कापली की परत फुटतो, तीन-चार वेळा तरी मिळतो.

टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर यांची रोपं आत्ता ट्रेमध्ये करायची, तीन ते चार आठवड्यांनी मोठ्या कुंडीत. रोप हलवायचं ते संध्याकाळी आणि पहिले चार दिवस सावलीत. गाजराचं रोप करून हलवू नका, वाकडी-तिकडी शिंगं फुटलेली गाजरं निघतात, जागेवरच पेरायचं आणि दाटी झाली की विरळणी करायची. ती विरळणी करताना जीव तुटतो हे मान्य, पण दोन इंचांवर एक एवढंच ठेवा.

लसूण आत्ताच. पाकळ्या सोलायच्या नाहीत, टोक वर ठेवून इंचभर खाली खोचायच्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये गड्डे निघतात आणि मधल्या काळात पात वापरता येते (मी तर खरं पातीसाठीच लावते). मटारची घाई नको, ऑक्टोबर हीटमध्ये तो रुसतो, दिवाळीच्या आसपास पेरा.

भेंडी, गवार, दोडका, काकडी? थंडीत ही मंडळी नुसती बसून राहतात. पावसाळ्यातले वेल अजून फळ देत असतील तर राहू द्या, पानं पांढरी पडून थकलेले असतील तर मोह सोडून काढा, जागा मोकळी करा.

कोथिंबीर उगवतच नाही हो!

धणे आख्खे टाकताय का? एका धण्यात दोन बिया असतात, तो फोडायला लागतो. चपलेखाली नाहीतर लाटण्याने हलकेच रगडायचे, दोन भाग झाले पाहिजेत, पीठ नाही. रात्रभर पाण्यात, सकाळी निथळून पेरायचे, वर अर्धा इंच माती आणि त्यावर ओलं पोतं. आणि मग वाट बघायची, हे महत्त्वाचं, कारण दहा-बारा दिवस काहीच दिसत नाही आणि आठव्या दिवशी लोक कंटाळून उकरून बघतात. अंकुर दिसला की पोतं काढा. धणे जुने असले तर उगवणार नाहीतच, दहा दाणे ओल्या टिश्यूमध्ये गुंडाळून आधी ट्रायल घ्या. घटाला आपण काय करतो, नऊ दिवसांत सगळं कळतंच ना कुठलं धान्य उगवलं आणि कुठलं नाही. घटातला गहू पिवळा येतो तो मात्र उजेड कमी म्हणून, बी खराब म्हणून नाही.

दसऱ्याला स्वतःच्या घरचा झेंडू हवा होता…

पुढच्या वर्षी. त्यासाठी जुलैअखेर-ऑगस्टच्या सुरुवातीला रोपं लागलेली हवीत. आत्ता लावलेला डिसेंबरमध्ये फुलेल, तेही काही वाईट नाही. याच सुमारास पेटुनिया, डायंथस, फ्लॉक्स, अ‍ॅस्टर, पँसी पेरायचे. पेटुनियाचं बी धुळीसारखं असतं, ते मातीत पुरायचं नाही, नुसतं वर भुरभुरवायचं आणि स्प्रेने पाणी. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या फुलांच्या प्रदर्शनात जे ताटवे बघून आपण हळहळतो ना, ती सगळी पेरणी याच दिवसांतली.

पाणी रोज घालायचं की एक दिवसाआड?

घड्याळाप्रमाणे नाही, बोटाप्रमाणे. तर्जनी दोन पेरं मातीत घालायची, ओल लागली तर नाही घालायचं. पावसाळ्यात झारीची सवय सुटलेली असते आणि ऑक्टोबर हीट अचानक येते, त्यामुळे या पंधरा दिवसांत जेवढी झाडं वाळतात तेवढी एप्रिलमध्येही वाळत नाहीत, कारण एप्रिलमध्ये आपण सावध असतो. सकाळी आठच्या आत घाला. भर दुपारी पानं माना टाकतात ती पाहून लगेच पाणी ओतू नका, संध्याकाळी सावरली तर ठीक आहे, सकाळीही मान खालीच असेल तर खरी तहान. कुंडीवर वाळका पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्यांचा थर द्या, पाण्याच्या फेऱ्या वाचतात.

जी झाडं जूनमध्ये मजेत होती ती आता करपतायत. जागा तीच आहे.

जागा तीच पण ऊन ते नाही. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे, जूनमध्ये दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेलाच असतो, म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत तेव्हा थेट ऊन येत नाही. २२-२३ सप्टेंबरनंतर तो दक्षिणेकडे सरकत जातो आणि दक्षिणेची बाल्कनी दिवसेंदिवस तापत जाते, उलट उत्तरेच्या बाल्कनीचं ऊन पार मार्चपर्यंत बंद. म्हणून आत्ता कुंड्यांची अदलाबदल करायची. मनी प्लांट, फर्न, सिंगोनियम उत्तरेला किंवा आत, आणि टोमॅटो, गुलाब, शेवंती दक्षिणेला. फरशीवर खडूने सकाळी, दुपारी, संध्याकाळी उन्हाची कड आखून बघा एकदा, डोळे उघडतात.

पानांवर पांढरी पावडर / खाली लाल ठिपके / कडीपत्ता रात्रीत फस्त. औषध सांगा.

तीन वेगळी प्रकरणं आहेत, एकच औषध नाही.

पांढरी पावडर म्हणजे भुरी, दिवसा गरम, रात्री गार आणि दव असं झालं की येते. जास्त झालेली पानं काढून टाका, सुरुवात असेल तर आंबट ताक पाण्यात पातळ करून फवारा, नाही थांबली तर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी. नीम ऑइल मारलं असेल तर गंधक दोन आठवडे मारायचं नाही, पानं जळतात.

पान उलटं करून बारीक जाळं आणि हलणारे लाल ठिपके दिसले तर लाल कोळी. कोरड्या उष्ण हवेचं गिऱ्हाईक. पाईपच्या जोरदार धारेने पानांच्या खालून धुवा, तीन-तीन दिवसांनी, बहुतेक वेळा तेवढ्यानेच आटोक्यात येतं. मावा आणि पिठ्या ढेकणालाही आधी पाण्याची धार, मग नीम ऑइल ५ मिली आणि लिक्विड सोपचे चार थेंब एक लिटर पाण्यात, ऊन उतरल्यावर.

आणि कडीपत्ता-लिंबाची पानं खाणारी अळी. लहान असताना ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून लक्षातच येत नाही, नंतर हिरवीगार जाडजूड होते आणि काडी लावली की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि घाण वास सोडते. ते फुलपाखरू होणार आहे हो. झाड मोठं असेल तर राहू द्या, मी एक कडीपत्ता त्यांच्या नावाने सोडलाय. लहान रोप असेल तर हाताने उचलून मोठ्या झाडावर ठेवा. फवारू नका.

गोगलगायींनी वैताग आणलाय.

रात्री एक ओलं पोतं जमिनीवर टाकून ठेवा, सकाळी सगळ्या त्याखाली जमतात, हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत. आठवडाभर नेटाने केलं तर फरक पडतो. मातीवर मीठ टाकू नका, माती खराब होते.

मे फ्लॉवरची आणि कॅलेडियमची पानं पिवळी पडून गळतायत. मेलं का?

झोपायला निघालेत. पानं पूर्ण वाळू द्या, पाणी कमी करत करत बंद करा आणि कुंडी कोपऱ्यात सरकवा, वर नाव लिहून, कारण जानेवारीत आपणच "ही रिकामी कुंडी कुठली" म्हणून ओतून देतो आणि मग कंद सापडतात. उन्हाळ्यात पुन्हा पाणी दिलं की उठतात. आलं-हळद अजून हिरवी असेल, तिला हात लावू नका, पानं वाळल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत काढायची.

घरचं बी कसं धरायचं?

वेलावरच पूर्ण वाळू द्यायचं, हे पहिलं. दोडका आतून खुळखुळला पाहिजे, गोकर्णाची शेंग तपकिरी हवी. तेरडा मात्र फसवतो, बोंड पिकलं की हात लागताच फट्कन फुटून बिया चार फुटांवर उडतात, म्हणून फुगीर पण अजून हिरवट असतानाच बोंडावर पातळ कापडाची पुरचुंडी बांधून ठेवा. सावलीत आठ दिवस वाळवून कागदी पाकिटात, नाव आणि वर्ष लिहून. पाकिटावर हायब्रीड लिहिलेल्या बियाण्याची फळं असतील तर त्यातून काय येईल त्याचा भरवसा नाही.

तुळशीचं लग्न जवळ आलं आणि तुळस मात्र काड्या झालीये.

सगळ्या मंजिऱ्या आधी खुडा, झाड बी धरायला लागलं की पानं सोडतं. शेंडे दोन-दोन इंच काढा, वरची माती बदला, सकाळचं ऊन द्या आणि रोज तांब्याभर पाणी ओतणं थांबवा, वृंदावनात पाणी तुंबून जितक्या तुळशी जातात तितक्या उन्हाने जात नाहीत. कार्तिकी द्वादशीपर्यंत तीन-चार आठवडे मिळाले तर छान फुटते. मंजिऱ्या चुरून त्याच कुंडीत टाका, पुढच्या वर्षीची रोपं तयार.

गणपती-नवरात्रातलं निर्माल्य कंपोस्टमध्ये चालेल?

चालेल म्हणजे काय, उत्तम. फक्त हाराचा दोरा, जरी, प्लॅस्टिकचे मणी काढून घ्या. झेंडू नुसताच टाकला तर चिकट गोळा होतो, त्यात वाळका पाला किंवा कोकोपीट आलटून पालटून थर द्यायचे. दीड-दोन महिन्यांत तयार.

लिंबाचं झाड चार वर्षांचं झालं, फळ नाही.

लिंबाचा हस्त बहार याच दिवसांतला, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फूल आणि उन्हाळ्यात, लिंबं महाग असताना फळ. त्यासाठी झाडाला आधी थोडा ताण लागतो. पाऊस थांबल्यावर कुंडीतल्या झाडाचं पाणी आठ-दहा दिवस तोडा, पानं किंचित मुडपली की बास, मग वरची माती हलवून भरपूर शेणखत आणि हळूहळू पाणी सुरू. जमिनीतल्या झाडाला ताण जास्त दिवस लागतो. झाड बियापासून केलेलं असेल तर मात्र अजून दोन-तीन वर्षं धीर धरा. आणि सहा तास ऊन नसेल तर ताण-बीण काही उपयोगाचं नाही.

मी न्यू जर्सीत असते, इथे तर थंडी सुरू होतेय. माझ्या कडीपत्त्याचं काय?

तुमच्याकडे उलटं, आमची बाग सुरू होते तेव्हा तुमची मिटते. रात्रीचं तापमान १० सेल्सियसच्या खाली जायच्या आत कडीपत्ता, तुळस आणि मोगरा घरात, दक्षिणेच्या खिडकीशी. आत घ्यायच्या आधी पानं खालून-वरून धुवा, नाहीतर मावा आणि कोळी पण हिवाळाभर तुमच्याकडे मुक्कामाला. पानं गळाली तरी पाणी वाढवू नका. लसूण मात्र तुम्ही पण ऑक्टोबरमध्येच लावा, बाहेर जमिनीत.

दिवाळीत आठ दिवस गावाला जाणार. पाण्याचं काय करू?

उलट्या बाटल्या, सुतळीची वात वगैरे दोन-तीन दिवसांपुरतं ठीक, आठ दिवस नाही निभत. सगळ्या कुंड्या भिंतीच्या सावलीत एकमेकींना चिकटून ठेवा, लहान मध्ये आणि मोठ्या कडेने, वर पालापाचोळ्याचा जाड थर आणि निघायच्या दिवशी भरपूर पाणी. कोवळी मेथी-पालक असेल तर कापून खाऊनच जा. आणि शेजारी कोणाला तरी चावी द्या. फक्त चावी देताना कुठल्या कुंडीत पाणी घालायचं *नाही* ते दाखवून द्या, आमच्या शेजारच्या काकूंनी माझ्या झोपलेल्या कॅलेडियमला आठ दिवस रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, वर मी परत आल्यावर मला काळजीने म्हणाल्या, "अगं, त्या एका कुंडीत काहीच कसं उगवत नाहीये?"